तळणीच्या तेलावरचं इंजिन आणि माझी मालमत्ता

मी, खाली सही करणारा, घरी भुंगा म्हणून ओळखला जाणारा, वाफेच्या इंजिनाची भट्टी सांभाळणारा फायरमन, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. शाळा अर्धवट सुटली, म्हणून अक्षर चुकलं तरी इच्छा खरी धरावी.

एवढ्या लहान वयात हे कशाला, तर कारण लिहितो. आमचं जुनं इंजिन हौशी प्रवाशांना घेऊन डोंगर चढतं. कोळसा मिळेनासा झाला, वर ठिणग्यांनी गवत पेटायचं. म्हणून आता भट्टीत बर्नर बसवून हॉटेलांतलं वापरलेलं तळणीचं तेल जाळतो. इंजिन गेलं की त्या वासाने रुळांकडेच्या लोकांना भूक लागते.

तेल चांगलं आहे. पण त्यात पाणी आलं की ज्योत फट्कन विझते. मग इंजिनीअर बाईंचा नियम असा: आधी तेल बंद, भट्टीतली तेलाची वाफ बाहेर जाऊ द्यायची, मग पेटती मशाल आत, आणि मगच तेल. ड्रायव्हरकाकांचा नियम असा: "विटा लाल आहेत ना? सोड तेल, आपोआप पेटतंय!"

काकांचा जन्म कोळशावर गेला. निखाऱ्यांवर काहीही टाका, पेटतंच. पण भट्टीतल्या विटा म्हणजे निखारे नव्हेत. तेलाची आधी वाफ होते, भट्टीभर कोंडते, आणि मग एकदम भडकून दारातून आमच्या अंगावर येते. मागच्या चाचणीत माझ्या भुवया गेल्या. काका म्हणाले, "आता देखणा दिसतोस."

उद्या डबे जोडून, पाहुणे बसवून तेलावरची पहिली चढण आहे. चढावर ज्योत विझली तर वाफेचा दाब उतरणार, गाडी अडणार, आणि काका ओरडणार, "सोड!"

सबब माझ्या मागे पुढीलप्रमाणे करावं.

कलम १. बँकेत जे असेल ते ताईचं. हे मृत्युपत्र अमलात आणायचं कामही तिचंच. आमच्या घरात दुसरं कोणी कागद नीट वाचत नाही.

कलम २. मोटारसायकल भाऊजींना. "याला कुठेच करमत नाही," असं ते चारचौघांत बोलले होते. वेल्डिंग सोडलं, बोटींचं रंगकाम सोडलं, बेकरी सोडली, कबूल. पण इथे करमलं, हे त्यांना कळवावं. मागचा ब्रेक लागत नाही, तेही कळवावं. शक्यतो चावी देण्याआधी.

कलम ३. फोन आईला. त्यात तिचेच आवाजी निरोप आहेत, "भुंग्या, जेवलास का रे?" मला घरी आणलं तर आईला माझं तोंड दाखवू नये. ती हट्ट करील. ताईने आडवं यावं.

कलम ४. माझं कोळशाचं फावडं काकांना द्यायचं होतं. पण साक्षीदाराला काही देऊ नये असं कळलं. काका म्हणाले, "फावडं नको, साक्षीदार कर. माझ्याबद्दल काय लिहितोस ते तरी वाचीन." बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघं एकाच इंजिनावर. साक्षीदार मागे उरायला नको का?" काका म्हणाले, "बाई, जरा बरं बोला." तेव्हा फावडं शेडमध्येच राहू द्यावं.

कलम ५. हे कलम काकांनी सावकाश वाचावं. तेलाचा वाल्व माझ्या हातात आहे. उद्या ज्योत विझली तर मशालीशिवाय मी तो उघडणार नाही. तुम्ही ओरडा, शिव्या द्या, पाहुण्यांसमोर गाडी अडकून माझी नोकरी जाऊ दे. तरी पण मी माणूस आहे. तुमच्या आवाजावर माझा हात आपोआप हलतो, तुम्हीच तशी सवय लावलीत. हललाच, तर बर्नरला दोष देऊ नये. आणि तुम्ही वाचलात, तर "सोड" कोण म्हणालं होतं, हे माझ्या आईला तिच्यासमोर बसून सांगावं. फोनवर नाही.

वरील मजकूर मीच लिहिला, मोठ्याने वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: शेडमागची खोली
दिनांक: चाचणीच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: भुंगा

साक्षीदार १: इंजिनीअर. सही. (गरज पडू नये.)

साक्षीदार २: ड्रायव्हर. सही. पाचवं कलम दोनदा वाचलं. उद्या ज्योत विझली तर गाडी उभी करीन. मशाल मी धरीन, आत गेल्यावर "आता" म्हणेन. तोवर वाल्वला हात लावायचा नाही, मी ओरडलो तरी.