हवेत तरंगणारी पाटी

सोमवार, ३ जून
रविवारी हिच्या स्वतःच्या दवाखान्याचं उद्घाटन. इतकी वर्षं ही दुसऱ्या डॉक्टरांच्या पाटीखाली लोकांचे दात काढत होती. आता पाटीवर हिचं नाव. ॲक्रिलिकची पाटी आलीसुद्धा, कोपऱ्यांजवळ चार भोकं पाडलेली. पाटीवाला म्हणाला, बसवायला माणूस पाठवतो. मी नको म्हटलं. नवरा कशाला असतो? नवीन ड्रिल आणलं. पाटी स्टँडऑफवर बसवणार. म्हणजे भिंतीत स्टीलच्या बुटक्या नळ्या, त्यांवर पाटी, पुढून टोपणं. पाटी भिंतीपासून इंचभर पुढे, हवेत तरंगल्यासारखी. व्हिडिओ पाहिला. सोपं आहे. उद्या संपवतो.

मंगळवार, ४ जून
अशा कामात घाई नको. आणखी व्हिडिओ पाहिले.

गुरुवार, ६ जून, सकाळ
चारही नळ्या भिंतीत बसल्या. लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा मधोमध. सासूबाईंनी आल्या आल्या एकीवर पर्स अडकवली. ही खुंटी नाही, असं नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, मग काय आहे जावईबापू, चांगली मजबूत आहे की.

सायंकाळ
पाटीची भोकं नळ्यांवर येत नाहीत. पाटीवाल्याची चूक. मी पाटी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अचूक मोजली होती. मेहुणा म्हणाला, दाजी, भोकापासून भोकापर्यंत मोजायचं असतं. मेहुण्यांना सगळं नंतर सुचतं.

शुक्रवार, ७ जून
भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा पाटीलाच अगदी कडेला नवीन भोकं पाडायचं ठरवलं. ठरवण्यात काही चूक नव्हती. पहिल्याच भोकाला वरचा डावा कोपरा जुन्या भोकासकट तुटून हातात आला. त्या तुकड्यावर ‘डॉ.’ आहे. बाकी नाव शाबूत. नवी पाटी रविवारच्या आत मिळणार नाही म्हणे. हिला म्हटलं, माणूस शेवटी नावानेच ओळखला जातो. ही तो तुकडा घेऊन आत गेली. पटलं असावं.

शनिवार, ८ जून
हिने मला बाहेर खुर्ची टाकून दिली. देखरेखीसाठी. ड्रिल स्वतः घेतलं. हात सराईत आहे, रोजचंच काम. नळ्या काढून नव्या जागी बसवल्या आणि माझी भोकं दातांत भरायच्या सिमेंटने बुजवली. मी म्हटलं, आता भिंतीला चूळ भरायला सांग. मेहुणा हसला. ही नाही.

रविवार, ९ जून
उद्घाटन झालं. पाटी तीन नळ्यांवर आणि चौथीवर ‘डॉ.’ एकटाच, नावापासून बोटभर अंतर राखून. हिच्या जुन्या दवाखान्याचे डॉक्टर बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, डिझाइन वेगळंच आहे, कोणाचं? हिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान लववली.

निघताना मेहुणा ड्रिल घेऊन गेला. हिनेच दिलं. कुठल्या कामाला लागतंय म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, कुठल्याच नाही.