सहा संत्री आणि एक खुर्ची

बाबा,

आज सदर भागातल्या माझ्या क्लासमध्ये पुन्हा सहा संत्री मांडली. कायद्याच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत बैठकीची कोडी येतात. सहा जण एका ओळीत, हा त्याच्या शेजारी हवाच, तो टोकाला चालत नाही, मग चौथ्या खुर्चीवर कोण? मुलं पहिली अट वाचली की लगेच खुर्च्या भरायला लागतात आणि शेवटच्या अटीला तोंडघशी पडतात. मी संत्री काढली की हसतात. हसेनात का. मीही अशीच पडायचे.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण काटोलच्या स्वयंपाकघरातली ती दुपार अजून तशीच आहे. परीक्षा आठ दिवसांवर आलेली, आणि नंबर लागला नाही तर शिक्षण बंद, पाहुणे बघायला येणार, हे घरात ठरलेलं. तुम्ही बाजारातून ट्रक भरून जेवायला आलात. मी वहीवर खाडाखोड करत बसलेली.

"काहून वं, डोकं धरून बसून राहिली?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी फटकन म्हणाले. चौथी शिकलेल्या माणसाला काय कळणार, असंच माझ्या मनात होतं. तुम्ही हात धुतले, ताटापाशी बसलात आणि म्हणालात, "वाचून तर दाखव." मी वैतागून मराठीत करून वाचलं. तुम्ही पिशवीतून सहा संत्री काढून फरशीवर ओळीत ठेवलीत, आणि भाकरी तशीच राहिली.

"ट्रकात कोणाचा माल पहिले चढवतो मी?"

"ज्याचा शेवटी उतरतो त्याचा."

"मंग? त्याले दुसरी जागाच नाही. असा अडेल माणूस पहिले शोध आणि त्याले बसव. बाकीचे आपोआप सरकतात."

माझ्या कोड्यातला अडेल माणूस शेवटच्या ओळीत होता, त्याला तिसरी खुर्चीच हवी होती. मी तिथवर वाचलंच नव्हतं. मग शेजारी हवेच असलेले दोघे तुम्ही माझ्या ओढणीच्या टोकात बांधलेत. "हे सोबतच जातीन, तर दोघांची एकच पेटी समज." ज्याच्यावर काहीच अट नव्हती, ते संत्र तुम्ही हातात धरून ठेवलंत. "याची घाई नको करू. उरली ती जागा याची." भाजी निवायच्या आत कोडं सुटलं. मला आनंद व्हायला हवा होता, आला राग. महिनाभर घोकलेलं तुम्ही जेवता जेवता सोडवलंत म्हणून.

नंबर लागला. वकिली झाली, पण मन रमलं शिकवण्यात, आणि सदरला हा क्लास उघडला. उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या मी स्वतः मांडल्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. तुम्ही काटोलहून बसने आलात, खांद्यावर दुपट्टा, हातात संत्र्यांची पिशवी. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. तुम्ही दाराशी उभे राहिलात, कार्यक्रम संपेपर्यंत. मी पालकांना अडेल माणसाची युक्ती समजावली. एकाने विचारलं, ही कुठे शिकलात? मी म्हणाले, दिल्लीच्या एका क्लासच्या नोट्समध्ये होती. तुम्ही ऐकलंत हे मला कळलं, कारण तुम्ही खाली बघायला लागलात.

नंतर मी जवळ येऊन म्हणाले, "बाबा, गडबडीत तुमची खुर्ची विसरले हो."

"होते वं. चांगलं समजावून राहिली होती तू." पिशवी टेबलावर ठेवून तुम्ही चारची बस धरायला निघालात.

आज एका मुलीने तेच विचारलं. मॅडम, ही युक्ती कोणाची? मी पहिल्यांदा खरं सांगितलं. माझ्या बाबांची, ते काटोलच्या बाजारात ट्रक भरायचे. मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच संत्री!" आणि सगळे पुन्हा कोड्याला लागले. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होते.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील. पाठवू तरी कुठे? पण आज खरं बोलायची सुरुवात झालीच आहे, तर उरलेलंही लिहिते. त्या चिठ्ठ्या मी आदल्या दिवशी बसून, सावकाश लिहिल्या होत्या. खुर्ची विसरले नव्हते, बाबा. तुमची चिठ्ठी मी लिहिली होती, आणि मग फाडून टाकली.