पुढच्या खोलीतले विमानाचे इंजिन

मी, खाली सही करणारा, आयुष्यभर लोकांना चष्मे करून दिले आणि आता दुकान बंद करून घरी बसलो आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. बायकोला ते मान्य नाही, पण तिचा दाखला कायद्याने लागत नाही. माझ्या पश्चात वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खाडाखोड केल्यास प्रत्येक ठिकाणी सही लागेल, त्यापेक्षा मन बदलले की नवे कलम लिहा, असे वकीलबाईंनी बजावले होते. मन बरेचदा बदलले. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. राहते घर, ठेवी आणि घरातील बाकी सर्व सामान बायकोला मिळावे. तिने पुढच्या खोलीत विमानाचे इंजिन चादरीखाली झाकून संसार केला. पाहुणे त्यावर चहाचे कप ठेवायचे आणि म्हणायचे, "टेबल जरा उंचच आहे हो तुमचं!" तिने लाजेकाजेस्तव कोणाला खरे सांगितले नाही.

कलम २. माझी दुर्बीण माझ्या मित्राला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला. जुनी लढाऊ विमाने उडणार असली की आम्ही दोघे धावपट्टीच्या कुंपणाशी हजर. आमचा खेळ असा, की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे. हा गडी एक डोळा किलकिला ठेवतो. मी त्याला माफ केलेले नाही, तरी दुर्बीण त्यालाच द्यावी.

कलम ३. वरील इंजिन माझ्या मुलीला. ती विमान चालवायला शिकवते. तिने आणि तिच्या मित्रमंडळींनी हवाईदलाचे जुने दोन सीटांचे शिकाऊ विमान शेडमध्ये नव्याने उभे केले आहे. फक्त इंजिन नाही. मी भंगारवाल्याकडून हौसेने आणलेले इंजिन नेमके त्याच जातीच्या विमानाचे आहे.

कलम ४. कलम ३ रद्द. इंजिन संग्रहालयाला द्यावे. मागच्या हवाई प्रदर्शनात तसलेच विमान आमच्यासमोर पडले आणि वैमानिक गेला. मी तेव्हा डोळे मिटून उभा होतो! आवाज थांबला, मी डोळे उघडले, तोवर सगळे संपले होते. डॉक्टर म्हणतो, "अरे, आधी ते गर्रकन वळलं, मग आवाज थांबला." मी म्हणतो, आधी आवाज थांबला. चौकशीत नक्की कारण कळले नाही. दोष इंजिनाचा की वैमानिकाच्या हाताचा? मुलीचा हात चांगला आहे. पण त्याचाही चांगलाच असेल की.

कलम ५. कलम ४ रद्द. मुलीला संग्रहालयाचे कळले. ती म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचंय तर तोंडावर म्हणा ना. मेल्यावर कागदातून काय नाही म्हणता?" सबब इंजिन तिलाच.

कलम ६. कलम ५ सध्या लागू समजू नये. मला काही कळेनासे झाले आहे. दिले आणि काही झाले तर मी दिले म्हणून झाले. नाही दिले तर ती माझे तोंड बघणार नाही. वकीलबाई म्हणतात, असे कलम कायद्यात बसत नाही. मग कुठे बसते ते त्यांनी सांगावे.

कलम ७. शेवटी बायको बोलली. "अहो, तुम्ही नाही दिलंत तर ती थांबणार आहे का? दुसरीकडून आणेल. ते कोणी उघडून पाहिलंय हे तरी कळेल का आपल्याला?" हे माझ्या डोक्यात कसे आले नाही, देव जाणे. या इंजिनाचा एकेक स्क्रू मी स्वतः काढून पुसून बसवला आहे. विमानाच्या मिस्त्रीने दोनदा तपासून ते चांगले असल्याचे सांगितले. आज सकाळी टेम्पो आला आणि इंजिन गेले. मी ते जिवंतपणी, हाताने, मुलीला दिले आहे. म्हणून कलम ३ ते ६ रद्द. चाचण्या पुऱ्या झाल्या की मागच्या सीटवर पहिला मी बसणार आहे. भीती वाटते, ती वाटतेच.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. त्यामुळे डॉक्टर बाद झाला आणि फुगून बसला आहे. मुलीला मात्र आता या कागदातून काहीच मिळत नाही. तिने तो पहिल्यापासून वाचला. आधी हसली, मग तिने पेन मागितले.

ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२६, शनिवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) खालच्या मजल्यावरचा शिंपी. सही समोर झाली.

साक्षीदार दुसरी: (सही) मुलगी, वैमानिक. वरील इसमाने माझ्यासमोर सही केली. मागची सीट बाबांचीच.