छपरावरची काच

नाना पेठ, पुणे
१६ फेब्रुवारी १९८९

प्रिय अय्युब,

आपाचे अनेक आशीर्वाद. सोलापूरच्या पाण्यानं तुझं पोट बिघडलंय असं मागच्या पत्रात होतं, आता बरं असेल. हॉटेलचं फर्निचर संपत आलं का? इकडे सगळे मजेत. मंडईत वाटाणा उतरलाय, रोज मटार-भात चाललाय. शाळेत माझा चौथीचा वर्ग यंदा फार गोड आहे.

एक बातमी आहे. घाबरू नकोस, कारखाना शाबूत आहे, दोन्ही कारागीर सुखरूप आहेत.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास भिंतीपलीकडे बजरंग मिठाईवाल्याच्या अंगणात आग लागली. लग्नाच्या ऑर्डरची बुंदी चालली होती, कढईतलं तेल उतू जाऊन भट्टीत पडलं आणि वरची ताडपत्री धडाडून पेटली. वारा नेमका आपल्या बाजूला. जळत्या ताडपत्रीचे तुकडे भिंतीवरून थेट आपल्या छपरावर येऊन पडले, पाळण्यांना पॉलिश चालतं त्याच्या बरोबर वर. मी शाळेतून नुकतीच आले होते. छपराची काच तडकल्याचा आवाज ऐकला आणि तशीच कारखान्याकडे धावले.

पण काच पडली नाही. काचेच्या आतच असलेल्या तारेच्या जाळीनं तिला धरून ठेवलं. खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचे डबे, अकरा तयार पाळणे. एक ठिणगीसुद्धा आत आली नाही.

आणि छपरावर कोण चढलं, माहीत आहे? बजरंग. स्वतःचं अंगण जळत असताना शिडी लावून ओली पोती घेऊन वर गेला. त्याच्या दोन बोटांना फोड आले आहेत. मी खालून ओरडत होते, "अहो, तुमच्याकडचं बघा आधी!" तर म्हणाला, "माझ्याकडे कढया आहेत बाई, त्या जळत नाहीत."

बंब आला, आग विझली. बंबवाल्यांचे साहेब आपल्या छपराखाली येऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले. म्हणाले, "हद्दीला खेटून इथे प्लास्टिकचा पत्रा असता, तर पेटून थेंब थेंब खाली गळला असता. ही जाळीची काच कुणी बसवायला लावली?"

कारागीर म्हणाला, "साहेब, दीड वर्षापूर्वी कुणीतरी महापालिकेत निनावी तक्रार केली होती, तेव्हा बसवावी लागली."

"मग ज्यानं केली, त्याला चहा पाजा."

सगळे हसले. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता, अय्युब. मी सगळ्यांना कप दिले. माझा कप तसाच परत आत नेला.

ते तक्रारीचं पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

तुला मी तीनदा सांगितलं होतं की भिंतीपलीकडे रोज भट्ट्या पेटतात, उजेडासाठी लावलेले ते प्लास्टिकचे पत्रे काढ. तू म्हणालास, "आपा, तुम्ही शाळेत शिकवा." मला राग आला होता. पण रागानं नाही लिहिलं, भीतीनं लिहिलं. पुढे नोटीस आली, पत्रे काढून काच बसेपर्यंत कारखाना महिनाभर बंद राहिला, आणि तक्रार बजरंगनंच केली असं धरून तू भिंतीपाशी उभा राहून बजरंगला नको ते बोललास. त्यानं मुलीची शपथ घेतली. तू हसलास. त्या मुलीच्या लग्नालाही गेला नाहीस. मी तेव्हा दारातच उभी होते आणि गप्प राहिले. तुझे दूल्हाभाई वारले, मी एकटी पडले, तेव्हापासून तुझ्याच घरात राहते. तू तोंड फिरवलंस तर कुठे जाऊ, एवढंच डोक्यात होतं. चाळीस मुलांना रोज खरं बोलायला शिकवणारी बाई!

काल बजरंगकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यानं बोटांना मलम लावून डबी बंद केली. मग म्हणाला, "दीड वर्ष फुकट शत्रू झालो की हो. आधी सांगितलं असतंत, तर निदान तुमच्याशी भांडलो असतो." त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग तोही. मला मात्र रडू आलं. उठताना म्हणाला, "अय्युबला कोण सांगणार?"

म्हटलं, मीच.

सांगितलं. आज दीड वर्षानं पोटभर जेवले, हेही खरं.

रमजानच्या आधी ये. चिडलेला आलास तरी चालेल. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. पण स्टेशनवरून आधी घरी येऊ नकोस. आधी बजरंगच्या दारात जा.

तुझं भलं चिंतणारी आणि तुझ्याविरुद्ध तक्रार करणारी,
तुझी आपा
नसीम