पाइपाचं बारीक भोक

प्रिय धाकट्या,

अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं तुला वाटेल. तसंच आहे म्हण. बाबा बरे आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात, झोपतात. मीही बरी आहे. हल्ली कशाचं काही वाटत नाही, एवढंच.

या आठवड्यात आपलं माशांचं तळं काठोकाठ भरलं. बांध फुटू नये म्हणून तुझा तो पाइप काढला. एक तोंड तळ्यात खोल, मधला भाग बांधावरून, दुसरं तोंड पलीकडे ओढ्यात. पाइप पाण्याने गच्च भरला, वरचं बूच आवळलं, खालचा नळ सोडला. ना मोटर, ना वीज, आणि पाणी बांध चढून निघालं. तू हे पहिल्यांदा केलंस तेव्हा बाबा गिऱ्हाइकांना हाताला धरून दाखवायला न्यायचे. पोरगं माझ्या वळणावर गेलंय म्हणायचे. गेला होतास आईच्या, पण त्यांना कोण सांगणार.

त्या पाइपाला तळ्यातल्या बाजूला, ठरवलेल्या उंचीवर, तू एक बारीक भोक पाडलं होतंस. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ आपोआप थांबते. हे तू मला सांगितलंही असशील, माझं लक्ष नसेल. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी दुपारी पाइप बांधावर पडला होता. मला भोक दिसलं. गळका पाइप काय उपयोगाचा, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. काळ्या पाइपावर काळी पट्टी, तुझ्याही नजरेतून सुटली. संध्याकाळी तू नळ सोडलास आणि निर्धास्त मित्राकडे गेलास.

सकाळी तळ्यावर आधी मी पोचले. पाणी नव्हतं. वर्षभर पोसलेले मासे चिखलात आडवे पडले होते. काय झालं ते मला तिथेच कळलं. मी पट्टी सोलून काढली आणि खिशात घातली. मग बाबा आले, मग तू. नळ बंद करायचा विसरलास, असं ते म्हणाले. बंद करावाच लागत नाही, भोक आहे, असं तू परत परत सांगत होतास. त्यांनी वाकून पाहिलं. भोक मोकळं होतं. "चूक पोटात घालीन, खोटं नाही घालणार," असं ते म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभी होते. चार दिवसांनी तू घर सोडून गेलास. मी तुझा डबा भरून दिला.

आज सकाळी चहा पिताना मी बाबांना हे सगळं सांगितलं. गेलं वर्षभर त्यांचं विसरणं वाढलंय, म्हटलं उशीर नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धाकटा कोण?" मी दोनदा तुझं नाव सांगितलं. त्यांनी कप विसळून पालथा घातला. त्यांच्याकडून तुझ्यावरचा आळ उतरवायला मी उशीर केला. आता तो ठाऊक असलेले आपण दोघंच उरलो, म्हणून तुला लिहिलं.

तुझीच,
ताई