आवाज खाली ठेव, बेटा

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा नसीहत! मी स्वयंपाकघरातून अम्मीला हाक मारली, तर अब्बा बाहेरच्या खोलीतून गरजले — "शगुफ्ता! आवाज खाली ठेव, बेटा! अल्लाहला हळू बोलणं आवडतं!" समोरच्या सुमतीकाकू दचकून गॅलरीत आल्या. हळू बोलण्याचा उपदेश अख्ख्या गल्लीला मिळाला. सवाबही, म्हणजे पुण्यही, तेवढंच वाढलं असेल.

अब्बांनी सगळी नोकरी पनवेल एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात काढली. रिटायर झाले, तरी आमच्याशी महाडची गाडी लागल्यासारखंच बोलतात.

७ जानेवारी

अम्मी म्हणते, "तू आलीस म्हणून खूश आहेत. नसीहत करायला कुणीतरी मिळालं." मी सासरहून, उरणहून, 'थोडे दिवस' आलेय. किती थोडे, ते कुणी विचारत नाही. मीही सांगत नाही.

आजचे विषय — पाणी बसून प्यावं. गीबत करू नये, पाठीमागे कुणाला नावं ठेवू नयेत. त्यानंतर अब्बा चहा संपेपर्यंत मामूंच्या कंजूसपणावर बोलले. मी आठवण करून दिली. "ही गीबत नाही, माहिती आहे!"

१० जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजहून अब्बा नाराज होऊन आले. "नवीन इमामसाहेब फार पुटपुटतात. काही कळत नाही." अम्मी म्हणाली, "जुन्या इमामांनाही हेच म्हणायचात."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. इमामसाहेब बिचारे नीटच बोलत असणार. अब्बांना ऐकू येत नाहीये!

सांगितलं तर भडकले — "माझे कान ठणठणीत आहेत!" मी हळूच विचारलं, "अब्बा, बिर्याणी करू?"

"हो, खिडकी बंद कर. गार वारा येतोय."

१५ जानेवारी

नवीन पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन बसलं. रिक्षात सगळा वेळ दोन्ही हात कानांवर! घरी आल्यावर कुजबुजले, "इतकी वर्षं मी तुमच्यावर ओरडत होतो?"

"प्रेमाने," मी म्हटलं.

संध्याकाळभर एकही नसीहत नाही. घर ओळखू येईना.

१६ जानेवारी

सकाळी चहा घेताना अब्बा म्हणाले, अगदी हळू — "पहाटे, फजरच्या वेळी तू रडत होतीस. आता ऐकू येतं मला. बोल."

मग मी बोलले. सगळं. माझा नवरा अश्फाक मारत नाही, शिव्या देत नाही. बोलतच नाही. बकरी ईदपासून! ताट वाढलं की जेवतो, उठून जातो. का, ते विचारलं तर भिंतीकडे बघतो. त्याची अम्मी म्हणते, पुरुष असेच असतात.

अब्बांचा चहा गार झाला. "तीन दिवसांच्या वर अबोला धरणं आपल्यात हलाल नाही. मी बोलतो त्याच्याशी."

"ओरडू नका हं," मी म्हटलं. हसले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

अब्बा एकटेच उरणला गेले आणि टेम्पोतून माझं शिलाई मशीन, कपाट, दोन बॅगा घेऊन परत आले. अश्फाक त्यांच्याशीही एक शब्द बोलला नाही.

शिलाई मशीन खिडकीपाशी लावत म्हणाले, "सासरी पाठवताना मी तुला सबर कर म्हणालो होतो. ती अर्धीच नसीहत होती, बेटा. जुलूम सोसू नये, हे सांगायचं राहून गेलं."