फाट्यावरच्या फलकावरील तुळशीबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, सेलू, जि. परभणी.

अर्जदार : सौ. ज्ञानेश्वरी बजरंग गजमल, रा. शेतवस्ती, देवगाव फाट्याजवळ, ता. सेलू.

विषय : देवगाव फाट्यावरील एका डॉक्टरांच्या जाहिरात फलकासमोर, त्याच मापाचा अर्जदाराचा फलक लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : सदर फलक. आपल्या गाडीतूनही दिसतो.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, फाट्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असलेला जो मोठा फलक उभा आहे, त्यातील डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली बाई म्हणजे सदर अर्जदार होय. डॉक्टरांचे व दवाखान्याचे नाव या अर्जात मुद्दाम लिहिलेले नाही. त्यांची फुकट जाहिरात करण्याची अर्जदारास हौस नाही.

१. दोन लेकरांना अंगावर पाजल्यानंतर अर्जदाराची छाती उतरली. हे दुःख कोणाजवळ बोलण्यासारखे नव्हते, पण होते. मोठ्या शहरातील सदर डॉक्टरांनी सांगितले की, मांडीची व पोटाची चरबी नळीने ओढायची, गाळायची आणि सुईने छातीत भरायची. आपलेच आपल्याला, त्यात धोका कसला. अर्जदारास ते पटले. घरी पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन सांगितले. खरे फक्त पती बजरंग यांना ठाऊक होते.

२. ऑपरेशन झाल्यावर त्याला यश यावे म्हणून अर्जदाराने श्रावणापासून सोळा सोमवार धरले, तेही कडक. नवरात्रातले नऊ दिवसही नुसत्या पाण्यावर काढले. त्यामुळे अर्जदार वाळली आणि भरलेली चरबीही अंगाबरोबर वाळली. वजन उतरले की हीसुद्धा उतरते, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. नंतर विचारणा केली असता त्यांनी हसत उत्तर दिले की, मॅडम, हे तुमच्या महादेवाला विचारा. हे हसणे अर्जदाराने जपून ठेवले आहे.

३. दिवाळीनंतर डाव्या बाजूस सुपारीएवढी टणक गाठ लागली. डॉक्टरांनी फोनवर तेल लावून चोळायला सांगितले. अर्जदाराने चोळले. गाठ तिथेच राहिली आणि अर्जदार रोज थोडी थोडी मरत होती. कर्करोग झाला असे मनात धरून तिने लेकरांचे स्वेटर मोठ्या मापाचे विणून ठेवले.

४. अखेर सरकारी रुग्णालयातील मॅडमनी सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढून तपासला आणि गाठ कर्करोगाची नाही असे सांगितले. भरलेल्या चरबीला जिथे रक्त मिळत नाही तिथे ती मरते, तिची गाठ होते, कधी आत तेल साठते, कधी ती कडक होते. बरीचशी चरबी शरीर जिरवून टाकते. किती, ते आधी कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. दोन बाजू कमीजास्त होतात, काहींना पुन्हा करावे लागते, क्वचित पू होतो. आणि अशी गाठ साधी की वाईट, हे नुसत्या हाताला कळत नाही. पुष्कळ बायकांना चांगला गुण येतो, हेही मॅडमनी सांगितले आणि अर्जदार ते प्रामाणिकपणे नमूद करते. अर्जदाराचे भांडण चरबीशी नाही. हे सगळे सुई टोचण्याआधी सांगायचे असते, एवढेच तिचे म्हणणे आहे.

५. आता फलकाविषयी. दवाखान्यात फोटो काढताना ते फक्त फाइलसाठी आहेत असे सांगण्यात आले होते. त्याबाबत पोलिसांत वेगळी तक्रार दिली आहे. ‘नंतर’चा फोटो ऑपरेशननंतर चौथ्या दिवशीचा आहे. ती सूज होती, महोदय. सूज सगळ्यांचीच भरदार दिसते.

६. मागील आठवड्यात अर्जदाराच्या सासूबाई केशरबाई बाजाराहून जीपने येत होत्या. जीप फाट्यावर थांबली. फलकावरील बाईच्या गळ्याखाली गोंदलेली तुळस सासूबाईंनी पाहिली आणि भरल्या जीपमध्ये म्हणाल्या, “अगं माय, ही तं आमची ग्यानी हाय. गोंदताना हालली म्हणून पान वाकडं गेलतं, मीच धरलं होतं तिला.” डॉक्टरांनी डोळे झाकले आणि तुळस उघडी ठेवली. गोंदण घरचे माणूस ओळखते, हे त्यांच्या शिक्षणात नसावे. दिवे लागेपर्यंत अख्ख्या वस्तीला कळले. पती बजरंग “गप बस, लय बोभाटा व्हायलाय” एवढेच म्हणतात आणि फाटा टाळून लांबून जातात.

७. अर्जदार गप्प बसलीही असती. परंतु शेजारची भक्ती, जिचे लग्न ठरले आहे, तिने फलकावरचा नंबर मोबाईलमध्ये घेऊन पुढल्या महिन्यासाठी नाव नोंदवले आहे. अर्जदाराने तिला सर्व सांगितले, गाठीवरची सुईची खूणही दाखवली. त्यावर ती म्हणाली, “काकू, पण फोटोत तं चांगलं दिसायलंय की.” अर्जदाराचाच फोटो अर्जदाराला खोटे पाडत आहे.

८. सबब विनंती की, सदर फलक काढू नये. काढल्यास डॉक्टर नामानिराळे होतील आणि तो दुसऱ्या फाट्यावर लागेल. तो तसाच ठेवून बरोबर समोर अर्जदारास फलक लावू द्यावा. माप तेच, उंची वीतभर जास्त. त्यावर अर्जदाराचा फक्त चेहरा राहील, डोळ्यांवर पट्टी राहणार नाही, आणि परिच्छेद चारमधील मजकूर ठळक अक्षरांत राहील. डॉक्टरांच्या फलकावर दिवा आहे, म्हणून यावरही असावा. उद्घाटनास डॉक्टरांना बोलावले जाईल. हार तयार ठेवला जाईल.

९. परवानगी देता येत नसल्यास हरकत नाही. तसे झाल्यास अर्जदार येत्या सोमवारपासून डॉक्टरांच्या फलकाखाली, ‘नंतर’ या शब्दाच्या बरोबर खाली, खुर्ची टाकून बसेल. सासूबाई शेजारी बसतील. त्यांनी खुर्ची नको म्हटले आहे, घोंगडी घेतली आहे. फलक पाहून थांबणाऱ्या प्रत्येक बाईला अर्जदार वर बोट करून आणि मग स्वतःकडे बोट करून सगळे सांगेल. पहिली भक्ती असेल, तिला तिची आई हाताला धरून आणणार आहे. दुपारी अर्जदार तेथेच भाकरी खाईल, सोमवार असला तरी.

रस्त्याकडेला बसून भाकरी खायला परवानगी लागत नाही, असे अर्जदारास समजते. लागत असल्यास हाच अर्ज त्यासाठीही समजावा.

आपली नम्र, पण आता गप्प न राहणारी,

(सही)
सौ. ज्ञानेश्वरी बजरंग गजमल
देवगाव फाटा, दि. १७ जानेवारी २०२५

साक्षीदार : केशरबाई गजमल (डाव्या हाताचा अंगठा)

सोबत : सरकारी रुग्णालयाचा तपासणी अहवाल. अर्जदाराचा चेहऱ्याचा फोटो, पट्टीविना.